काट्याची पावती आणि टायरमधली हवा

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या बाजार आवारात ट्रॅक्टरांच्या रांगेत पिकअपही उभ्या असतात. हौदा खुल्या कांद्याने काठोकाठ भरलेला, मागचे पाटे जवळजवळ सरळ झालेले आणि मागच्या दोन्ही टायरांची पोटं फुगून खाली बसलेली. लिलाव झाला, माल उतरला की तीच गाडी रिकामी होऊन गावाकडे निघते आणि प्रत्येक खड्ड्यावर तिचा मागचा भाग उड्या मारतो. सकाळी आणि दुपारी टायरमधली हवा मात्र तीच असते. बऱ्याचदा ती कधी भरली हे मालकालाही आठवत नाही.

मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न एवढा टोकाला जात नाही. चार माणसं आणि बॅगा बसल्या तरी गाडीच्या वजनात त्या मानाने थोडीच भर पडते. पिकअप जवळपास स्वतःच्या वजनाइतका माल वाहते. बोलेरो पिकअपच्या मोठ्या प्रकाराची क्षमता १,७०० किलो आहे आणि २०२२मध्ये आलेली टाटाची योद्धा २.० दोन टन घेते. त्यातला बहुतेक भार मागच्या ॲक्सलवर येतो, कारण हौदा मागच्या चाकांवरच बसवलेला असतो. पुढच्या चाकांना फारसा फरक जाणवत नाही. म्हणून ‘या गाडीत हवा किती मारायची?’ या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून मिळाला, तर ते उत्तर अर्धंच असतं. पुढची किती, मागची किती, भरलेली असताना किती आणि रिकामी असताना किती, हे वेगवेगळं विचारायला हवं.

टायरचं रबर आणि त्यातल्या तारा यांचं मुख्य काम हवा कोंडून धरणं. वजन पेलते ती हवा. ती कमी पडली की टायरची बाजू जास्त वाकते आणि प्रत्येक फेऱ्यात वाकून सरळ होत राहते. पिकअपचं चाक एका किलोमीटरला चारशेहून अधिक फेरे घेतं. या वाकण्यातून उष्णता तयार होते, ती रबरात साठते आणि आतल्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारा रबराचा थर हळूहळू सुटू लागतो. टायर ‘अचानक’ फुटला असं म्हणतात तेव्हा त्यातलं बरंचसं नुकसान आधीच्या कित्येक फेऱ्यांत, कमी हवेवर चाललेल्या मैलांत झालेलं असतं.

टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. टायरवर दाबाचा जो आकडा दिसतो तो कमाल भाराशी जोडलेला असतो. अमेरिकेतल्या जड पिकअपना सर्रास लागणाऱ्या एलटी २७५/७० आर १८ या ‘लोड रेंज ई’ टायरवर १,६५० किलो आणि ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हे दोन आकडे एकत्र लिहिलेले असतात. याचा अर्थ एवढाच की एका टायरवर १,६५० किलो घालायचे असतील तर थंड टायरमध्ये ८० हवा लागेल. टायरवर त्याच्या निम्मं वजन असेल तर एवढ्या हवेची गरज नाही, आणि १,६५०च्या वर वजन गेलं तर कितीही हवा मारून भागत नाही. दुसरी गोष्ट आपल्याकडे कुणाला पटत नाही. ‘आज माल जास्त आहे, दहाने हवा वाढव’ हे वाक्य पंक्चरच्या दुकानात रोज ऐकू येतं. क्षमतेपलीकडच्या मालाला हवा हा उपाय नाही. दुसरी फेरी हाच उपाय. जादा मालासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, पण दंड भरून टायर वाचत नाही.

मग खरा आकडा कुठे मिळतो? गाडी बनवणारी कंपनी तो दाराच्या चौकटीवरच्या कागदावर किंवा मालकाच्या पुस्तिकेत देते. अमेरिकेतल्या रॅम २५०० किंवा फोर्ड एफ-२५० या पिकअपच्या काही मॉडेलांवर पुढे ६० आणि मागे ८० असे आकडे सापडतात. मागचे ८० हे पूर्ण भरलेल्या गाडीसाठी असतात. रॅमने तर चालकाला ‘हलका भार’ असा पर्याय दिला आहे. तो निवडला की हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मागच्या टायरांसाठी कमी दाब योग्य धरते. कंपनीनेच मान्य केलेली ही गोष्ट आहे की कामाच्या गाडीला दोन आकडे लागतात.

आकडा ठरवताना सवलत घेतली तर काय होतं, याचं मोठं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे. फोर्डच्या रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेल्या एक्सप्लोरर गाडीत फोर्डने २६ पीएसआय हवा सुचवली होती, तर तिचे टायर बनवणाऱ्या फायरस्टोनचं म्हणणं ३० असावी असं होतं. उन्हाळ्यात, वेगात, भरलेल्या गाड्यांच्या टायरांची वरची पट्टी सुटून गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकी सरकारी यंत्रणेने या अपघातांशी २७१ मृत्यू जोडले. टायरच्या रचनेतही दोष होता, त्यामुळे सगळं खापर चार पीएसआयवर फोडता येत नाही. पण कमी दाबामुळे टायरजवळ चूक पचवायला जागाच उरली नव्हती. त्याच वर्षी तिथे नवा कायदा आला आणि पुढे सप्टेंबर २००७पासून हलक्या वाहनांत हवा २५ टक्क्यांनी उतरली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. ही सक्ती एकूण ४,५३६ किलोपर्यंतच्या वाहनांना आहे आणि मागे जोडचाकं असलेल्या गाड्या तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणजे सर्वांत जड पिकअप, ज्यांना या दिव्याची सर्वाधिक गरज, त्याच बाहेर राहिल्या. आपल्याकडे कामाच्या पिकअपमध्ये असा दिवा सहसा नसतोच.

दिवा नाही म्हणून चालक टॉमीने (लोखंडी सळीने) टायर ठोकून आवाज ऐकतो. पूर्ण बसलेला टायर त्याने कळतो. पंधरा पीएसआयची तूट अशा आवाजावरून ओळखणं अनुभवी माणसालाही कठीण आहे, आणि भरलेल्या गाडीत नुकसान होतं ते नेमक्या एवढ्याच तुटीने.

याहून घातक सवय वाटेत हवा सोडण्याची. सकाळी नाशिकहून निघताना थंड टायरमध्ये ६५ हवा असेल आणि भरल्या गाडीने कसारा घाट उतरून टायर २५ अंशांनी तापला, तर दाब ७१-७२च्या आसपास जातो. यात काहीही बिघडलेलं नाही. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ गृहीत धरलेली असते. पण ढाब्यावर कुणीतरी गेज लावतं, ‘हवा जास्त झाली’ म्हणतं आणि सहा-सात पीएसआय सोडून देतं. आता टायर जास्त वाकतो, आणखी तापतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५८-५९वर असतो. त्यावर पुन्हा दीड टन चढतो. टायर गरम असताना आकडा खूपच वर दिसला तर त्याचा अर्थ बहुधा सकाळी हवा कमी होती किंवा माल जास्त आहे. उपाय थांबण्याचा, वजन तपासण्याचा. व्हॉल्व्हची पिन दाबण्याचा कधीच नाही. ऋतूचाही हिशेब हाच: जानेवारीत १५ अंशांत भरलेले ६५, मे महिन्यात ४० अंशांत काही न करता ७२च्या जवळ पोचतात. म्हणून मोजणी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, ऊन लागण्याआधी करायची आणि ऋतू बदलला की नव्याने करायची. नायट्रोजन भरल्याने यातलं काही बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

रिकाम्या गाडीत भरल्या गाडीची हवा ठेवली तर टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, तिथली नक्षी आधी झिजते आणि पावसात ब्रेक मारला की मागचा भाग घसरतो. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. तरी दोन चुकांत डावं-उजवं करायचं तर भरलेल्या गाडीत कमी हवा ही मोठी चूक. म्हणून रोज भरून जाणाऱ्या आणि रोज रिकाम्या परतणाऱ्या गाडीने भरल्या मालाचीच हवा ठेवावी आणि परतीला वेग आवरावा. हंगाम संपून गाडी आठ-पंधरा दिवस रिकामी फिरणार असेल तर मागची हवा कंपनीने रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत उतरवावी आणि शेतात माल भरायला जाण्याआधी, रस्त्यावर पंप असतानाच, पुन्हा चढवावी. बांधावर कंप्रेसर मिळत नाही.

हा आकडा नेमका करायला लागणारी माहिती शेतकऱ्याच्या खिशातच असते. बाजार समितीत गाडी भुईकाट्यावर दोनदा चढते, आधी भरलेली, मग रिकामी. पावतीवर भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन छापून येतं. सगळ्यांची नजर निव्वळ वजनावर, कारण पैसे त्याचे मिळतात. टायरला हवी असलेली माहिती मात्र पहिल्या आकड्यात असते. गाडी भरलेली असतानाच मागची चाकं काट्याबाहेर ठेवून फक्त पुढची चाकं चढवली तर पुढच्या ॲक्सलचं वजन कळतं. एकूणातून ते वजा केलं की मागचं. त्याला दोनाने भागलं की एका टायरवरचा भार मिळतो. तो टायर कंपनीच्या भार-दाब कोष्टकात शोधायचा, माल कधी एका बाजूला कलतो म्हणून थोडी वरची ओळ धरायची, आणि गाडीच्या कंपनीने भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही.

हे कोष्टक इंग्रजीत, पुस्तिकेच्या पोटात कशाला हवं? पिकअप विकणाऱ्या कंपन्यांनी ते मराठीत, ठळक अक्षरांत, चालकाच्या दारावर चिकटवावं. नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी हा नियम आहे आणि ती डोळ्यांना दिसते. हवा दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी जास्त सोय हवी. लासलगाव, पिंपळगाव, नारायणगावसारख्या बाजार आवारांत समित्यांनी भुईकाट्याशेजारी एक कंप्रेसर आणि दर काही महिन्यांनी तपासलेला गेज ठेवावा. पेट्रोल पंपांवर हवा मोफत द्यावीच लागते, पण कारची हवा भरणारा पोऱ्या पिकअपलाही पस्तीसवर थांबवतो. त्याच्या समोरच्या भिंतीवर पिकअपचे आकडे लावले, तर हा प्रकार उद्यापासून थांबू शकतो.