साहित्य न्याय देत नाही

'इतिहासाने नाकारलेला न्याय साहित्य देते' हे वाक्य आपल्या परिसंवादांत हमखास टाळ्या मिळवते. ते खोटे तर आहेच. शिवाय अन्याय करणाऱ्यांच्या सोयीचेही आहे.

उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. १३ माणसे त्याच दिवशी मेली. एक जखमी पुढे दगावला. एप्रिलमध्येच आलेल्या लॉर्ड विजरी यांच्या अहवालाने सैनिकांना बहुतांशी निर्दोष ठरवले आणि मृतांपैकी काहींवर शस्त्रे हाताळल्याचा संशय ठेवला. १९७३ साली ब्रायन फ्रीएल यांचे 'द फ्रीडम ऑफ द सिटी' हे नाटक आले. त्यात तीन निःशस्त्र मोर्चेकरी मारले जातात आणि न्यायाधीश त्यांना सशस्त्र ठरवतो; प्रेक्षकाला मात्र सत्य दिसत असते.

शासनाला हे सत्य मान्य करायला २०१० साल उजाडले. १९९८ साली नेमलेल्या लॉर्ड सॅव्हिल आयोगाने सर्व बळींना निर्दोष ठरवले आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. पण हा आयोग नाटकाने आणला नाही. वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरणाऱ्या कुटुंबीयांनी तो आणला.

आणि न्याय? 'सोल्जर एफ' या एकाच सैनिकावर खुनाचा खटला चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने पुराव्याअभावी त्याला निर्दोष सोडले. सहकाऱ्यांच्या १९७२ मधील जबान्यांची ५३ वर्षांनी उलटतपासणी होणे शक्य नव्हते. संशयाचा फायदा हा आरोपीचा हक्कच आहे. अन्याय झाला तो पुरावा ताजा असताना त्याकडे पाठ फिरवली तेव्हा.

दरम्यान २०२३ साली ब्रिटिश संसदेने संघर्षकाळातील गुन्ह्यांना सशर्त अभय देणारा कायदा केला. अभयाची ती तरतूद बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अवैध ठरवली. पण त्या कायद्याच्या नावातच 'समेट' हा शब्द होता! आपण समीक्षेत ज्या शब्दाला गौरवतो, तोच तेथे दारे बंद करण्यासाठी वापरला गेला.

साहित्य साक्ष जपते, आणि हे काम लहान नाही. पण साक्षीलाच निकाल म्हणणारी समीक्षा बळींच्या कुटुंबीयांना घरी जायला सांगत असते. फ्रीएल शिकवताना विजरींचा अहवाल शेजारी ठेवावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे: नाटक संपल्यावर काय शिल्लक उरले? उरला तो खटला.