बुडत्याचा तमाशा

इंग्लंड-अमेरिकेंत डबघाईस आलेल्या उपाहारगृहांना तारण्याचे म्हणून जे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर होतात, ते आतां आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही रात्रीच्या जेवणानंतर चवीनें पाहिले जातात. गोष्ट सुटसुटीत असते. मालक हट्टी, आचारी आळशी, फ्रिजमध्यें बुरशी आलेलें मांस. मग कोणी नामांकित पाकपंडित येतो, शिव्या देतो, मालकाला रडवितो, पदार्थांची लांबलचक यादी छाटतो, रातोरात भिंती रंगवून घेतो आणि निघून जातो. याला कोणी लोकशिक्षण म्हणतात, कोणी परोपकार. आमच्या मतें हा दुसऱ्याच्या दिवाळखोरीवर चालविलेला निराळाच धंदा आहे.

या प्रकाराला जगभर प्रसिद्धि मिळाली ती गॉर्डन रॅम्से यांच्यामुळें. त्यांची 'रॅम्सेज किचन नाइटमेअर्स' ही मालिका २००४ सालीं ब्रिटनच्या चॅनल फोरवर सुरू झाली. तींतील प्रसंग बनावट आहेत असा आरोप लंडनच्या 'ईव्हिनिंग स्टँडर्ड' पत्रानें केला, तेव्हां २००६ सालीं त्या पत्राला माफी मागून ७५,००० पौंड भरपाई द्यावी लागली. अर्थात् खोटेपणाचा आक्षेप आम्ही घेत नाहीं. बुरशी खरीच असें धरून चालूं. इतकेंच नव्हे, तर यादी आटोपशीर ठेवा, जवळपास मिळणारा ताजा माल वापरा, हा त्या गृहस्थांचा उपदेशही रास्त आहे, आणि मूळ मालिकेंत ते कांहीं काळानें परत येऊन झाल्या-गेल्याची विचारपूस तरी करीत. २००७ सालीं हाच प्रयोग अमेरिकेंत फॉक्स वाहिनीवर गेला, आणि तेथें शिव्यांना गडगडाटी संगीताची साथ मिळाली. नवराबायकोचें भांडण व बापलेकांचा अबोला यांनीं स्वयंपाकाला कोपऱ्यांत लोटलें. २०११ सालीं निघालेल्या 'रेस्टॉरंट: इम्पॉसिबल' या कार्यक्रमानें तर उद्धाराचा दरच ठरवून टाकला: दोन दिवस आणि १०,००० डॉलर!

वर्षानुवर्षें सांचलेलें कर्ज दोन दिवसांत फिटत नाहीं, हें कोणताही किराणा दुकानदार सांगेल. परंतु कर्ज डोळ्यांना दिसत नाहीं. जागेचें भाडें, सावकाराचा तगादा, शेजारीं नवें दुकान निघाल्यामुळें ओसरलेलें गिऱ्हाईक, यांना रूप नाहीं; बुरशीला रंग आहे. म्हणून कॅमेरा फ्रिजमध्यें शिरतो आणि हिशेबाच्या वहीवरून नुसता फिरून जातो. पाहणाऱ्याची समजूत मात्र अशी होते कीं, बुडाला तो आपल्या घाणीनें आणि हट्टानेंच बुडाला. आणि ज्यांना पहिल्या तारखेला पगार मिळतो त्यांना ही समजूत फार सोयीची वाटते.

मालक आपखुशीनें बोलावतात, असें उत्तर यावर मिळतें. बुडणारा मनुष्य कोणत्या करारावर सही करणार नाहीं?

ॲरिझोनांतील स्कॉट्सडेल येथल्या 'एमीज बेकिंग कंपनी'चा भाग पाहा. २०१३ सालीं दाखविलेल्या या भागांत मालक पतिपत्नी ऐकेनात, म्हणून रॅम्से काम टाकून निघून गेले. गिऱ्हाइकांनीं ठेवलेली बक्षिसी वाढप्यांना न देतां स्वतः घेणाऱ्या त्या दांपत्याची बाजू आम्ही घेणार नाहीं. परंतु उपाय म्हणून हा भाग सपशेल फसला होता. आणि सर्वांत गाजला तो हाच! जगभरच्या अनोळखी लोकांनीं त्या दोघांची मनसोक्त टर उडविली. दुकान २०१५ सालीं बंद झालें, त्याचें कारण कांहींही असो. ज्या रोग्याला वैद्यानें टाकून दिलें त्याच्याच खाटेभोंवतीं सर्वांत मोठी गर्दी जमली, ती गर्दी औषध पाहायला आली होती असें कोणीं म्हणावें?

गिऱ्हाइकाच्या प्रकृतीची काळजी असेल तर तिची सोय त्याच देशांत झालेली आहे. इंग्लंडमध्यें स्थानिक संस्थेचा अधिकारी उपाहारगृहें तपासून स्वच्छतेबद्दल शून्य ते पांच असा दर्जा देतो. तो मालकाला बायकोदेखत शिव्या देत नाहीं. आणि त्याला पाहण्यासाठीं रात्रीं कोणी जागत नाहीं.