फलक पुरे, पाळणाघर दाखवा!



दूध काढायला जागा मागणाऱ्या एका बाळंतिणीला तिच्या कचेरीत संडासाकडे बोट दाखवलं गेलं. त्याच कचेरीच्या दारात ऑगस्टमध्ये ‘स्तनपान करा, कर्करोग टाळा’ असा फलक लागला होता. आमचं भांडण त्या फलकामागच्या वृत्तीशी आहे. सोय करायची नाही आणि उपदेश मात्र भरपूर.

फलकावरची माहिती अगदीच खोटी नाही. २००२ साली ‘लॅन्सेट’ने ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची छाननी छापली. बाई आयुष्यात एकूण जितकं पाजते, त्यातल्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, असं तीत दिसलं. बीजाशयाच्या कर्करोगाचा धोकाही पाजणाऱ्यांत कमी आढळतो. पण घटणं म्हणजे टळणं नव्हे. तिन्ही लेकरांना भरपूर पाजलेल्या बाईलाही गाठ येते. तिच्या उशाशी बसून ‘पाजलं नव्हतंस का?’ विचारणाऱ्यांना या फलकांनीच बळ दिलंय. आणि फायदा महिन्यामहिन्याने साठत असेल, तर ते महिने बाईने आणायचे कुठून?

कायद्याची पगारी रजा २६ आठवडे. त्यातले ८ बाळंतपणाआधी घेतले तर मागे उरतात १८, म्हणजे जेमतेम चार महिने. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मग ते जमवायचं तर कळा येईपर्यंत खुर्ची सोडू नका! पाळणाघराची सक्ती ५० माणसं असतील तिथे. ४९ असली की बाळाचं बाळाने बघावं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोनदा सुट्टीही आहे. बाळ विरारला, आई चर्चगेटला. त्या सुट्टीत तिने काय करावं?

ही झाली पगारपत्रकावर नाव असलेलीची कथा. ऊसतोडीला गेलेलीचा खाडा पडला की पैसे कापतात. तिच्या वाट्याला सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, तेही पहिल्या बाळाला; दुसऱ्यांदा मुलगी झाली तरच पुन्हा काही. ते पाच हजार सहा महिन्यांवर वाटा, रोजचे २८ रुपयेसुद्धा पडत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्या आज्या शेतात राबून पाजत होत्याच की!’ होत्या. त्यांचं बाळ बांधावरच्या झोळीत होतं. तुमचा वॉचमन झोळी गेटच्या आत येऊ देतो का? दुसरं उत्तर, ‘आजकालच्या पोरींना फिगर जपायची असते.’ उभ्याने लोकलचा प्रवास करून आलेल्या बाईची छाती दुपारी दाटून ठणकते, ब्लाउज भिजतो, ती बॅग छातीशी धरून मीटिंगला बसते, आणि तुम्हाला फिगर सुचते!

तुमच्याकडे ५० किंवा जास्त माणसं कामाला असून पाळणाघर नसेल, तर कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एकटीने नको, दहा जणींच्या सह्यांनी. पुरुषांनीही सही करावी; बाळ त्यांचंही आहे.