शेगडी खोलीबाहेर, ऊब खोलीत

गेल्या डिसेंबरात आम्ही शाळेला निघालो होतो आणि गावाहून मामूंचा फोन आला. “बेटा, आपा फजरला उठलीच नाही. हलवून जागी केली, तर डोकं फुटतंय म्हणते. मळमळतंय तिला.”

आमचे गाव जावळी तालुक्यात. अम्मी थंडीत महिनाभर भावाकडे राहायला जाते. आम्ही विचारले, “मामू, रात्री तिच्या खोलीत काय होते?”

“काही नाही. गारठा फार, म्हणून कोळशाची शेगडी ठेवली होती. धूर अजिबात नव्हता. दार-खिडकी नीट लावून घेतली होती.”

“आधी दार-खिडकी उघडा. तिला अंगणात आणा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या,” एवढेच आम्ही सांगू शकलो. अल्लाहची कृपा, अम्मी त्यातून बरी झाली. पण त्या दिवशी आमचे वर्गात लक्ष लागले नाही.

मामू काही अडाणी नाहीत. १९८२च्या गिरणी संपापर्यंत ते लालबागच्या चाळीत राहत होते. नंतर म्हणाले, “चाळीत आम्ही शेगडी गॅलरीत पेटवायचो, निखारे लाल झाले की आत घ्यायचो. कधी काही झालं नाही.” खरे आहे. पण चाळीत त्या शेगडीवर स्वयंपाक व्हायचा, दार दिवसभर उघडे असायचे आणि रात्री शेगडी विझलेली असायची. दार बंद करून तिच्याशेजारी कोणी झोपत नसे. सवय तीच राहिली, खोली मात्र बदलली.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हीच मोठी चूक. उत्तरेकडून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

आम्हा मुंबईकरांना याची जाणीव कमी, कारण इथे थंडी ती किती? सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान होते, तोच आजवरचा नीचांक. परळच्या आमच्या खोलीत एक चादर पुरते. शिवाय मुंबईच्या हवेचे हाल असे, की जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांनाही लाकूड-कोळसा सोडायला सांगितले. म्हणून इथल्या घरात लाकडाचा विचारच नको. प्रश्न आहे तो गावच्या घराचा.

अम्मीसाठी काय घ्यावे? आम्ही चार हजार रुपये बाजूला काढले आणि पायधुणीच्या तांबाकाट्यावर बंब पाहायला गेलो. तांब्याचा बंब देखणा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा, पण आमच्या पैशांत बसेना. शेवटी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा घेतला.

बंबच का? त्याच्या मधोमध नळकांडे असते, त्यात जाळ पेटतो आणि चहूबाजूंनी पाणी. उघड्या चुलीवर बरीचशी उष्णता हवेत जाते, बंबात ती पाण्याला मिळते. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तोटीतून तेवढेच गरम बाहेर येते. काटक्या, करवंट्या, कणसांची बुरकुंडे, काहीही चालते. मात्र सरपण वाळलेले हवे. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःतले पाणी उडवण्यातच जाते.

मास्तरकीची सवय म्हणून एक हिशेब देतो. २० लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ६०० किलोकॅलरी लागतात. विजेवर तेवढ्याला साधारण ०.७ युनिट. आपल्या बिलावरचा दर पाहून गुणाकार करा. उघड्या चुलीवर त्याच कामाला किलोभराहून जास्त लाकूड जाते. सरपण आपल्या परड्यातले असेल तर बंब स्वस्त. विकत घ्यावे लागत असेल, तर आधी दोन्ही आकडे शेजारी मांडा.

आता मामूंकडे बंब पडवीत असतो, खोलीत नाही. अम्मीला वुजूला आणि अंघोळीला गरम पाणी मिळते. रात्री त्याच पाण्याने रबरी पिशवी भरायची, फडक्यात गुंडाळून वाकळेत पायाशी ठेवायची. खोलीत ऊब येते, आग येत नाही.

घरातच चूल हवी असेल, तर धुराड्याची निर्धूर चूल बांधून घ्या. धुराडे कौलांच्या वर निघाले पाहिजे, वाशांना चिकटता कामा नये, आणि काजळी वरचेवर काढली पाहिजे. तुंबलेले धुराडे असून नसल्यासारखेच. आणि धुराडे असले तरी जाळ ठेवून झोपायचे नाही.

मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले. हे कळल्यावर प्रेषित (स.) यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, अशी ताकीद दिल्याचे हदीसमध्ये येते. मुलांना आम्ही ही हदीस शिकवत आलो. घरातल्या मोठ्यांना आठवण करून द्यायची राहून गेली.

या थंडीत गावी फोन कराल तेव्हा तब्येत विचाराच. सोबत एवढेही विचारा : “रात्री शेगडी कुठे ठेवता?”