वलगणीचा हिशेब

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै या काळात महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हा मत्स्यप्रजननाचा काळ होय, हे त्यामागील कारण सर्वमान्य आहे. नेमक्या याच दिवसांत रायगड जिल्ह्याच्या ओढ्यानाल्यांत वलगण सुरू होते. पहिल्या मुसळधार पावसाबरोबर मळे, शिवडा, खवली आदी गोड्या पाण्यातील मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांच्या उथळ पाण्यात अंडी घालावयास निघतात. आणि गाभोळीने भरलेल्या माद्याच वाटेत पकडल्या जातात. समुद्रात जो गुन्हा, तो ओढ्यात सण, असा हा न्याय आहे.

पनवेल तालुक्यातील उलवे परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु नदी वळविताना हिशेब मांडला जातो तो पाण्याचा, माशाचा नव्हे. सरळ, खोल पात्र पूर लवकर वाहून नेते; अंडी घालण्यास मात्र उथळ काठ, गवत आणि संथ पाणी लागते. जिताड्याचे प्रजनन खाडीमुखाशी होते, तर त्याची पिले खाजणांत व गोड्या पाण्यात वाढतात. वाट तुटली की दोघांचाही वंश खुंटतो.

अशा हानीची मोजदाद आपण भरपाईच्या रकमेत करतो. 27 फेब्रुवारी 2015 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने जवाहरलाल नेहरू बंदर परिसरातील 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. तो न्याय्यच होता. पण भरपाईने कुटुंब तगते, मासा परतत नाही. मत्स्यबीज सोडण्याचा उपायही अपुराच. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या केंद्रात अनेक दशके महसीरचे बीज तयार केले जात आहे. उपक्रम स्तुत्य आहे. तथापि सोडलेल्या माशाला पुढे अंडी घालण्यास जागाच नसेल, तर बीज दरसाल नव्याने आणावे लागेल. मुद्दल मोडून व्याजाची आशा धरण्यासारखेच हे आहे.

उलट, अमेरिकेतील एल्व्हा नदीवरची दोन धरणे 2011 ते 2014 या काळात काढली गेली, तेव्हा सामन मासे आपल्या पायांनी नव्हे, तरी आपल्या बळावर वरच्या पात्रात परतले. उलव्यात काही पाडावयाचे नाही. वळविलेल्या पात्रालगत ठिकठिकाणी उथळ काठ राखावेत, नाल्यांची मुखे मोकळी ठेवावीत आणि वलगणीचे पहिले काही दिवस प्रवाह पूर्ण अडविणारी जाळी निषिद्ध करावीत. ज्या आदिवासी व अल्पभूधारक कुटुंबांच्या ताटात त्या दिवसांत हेच अन्न असते, त्यांची भरपाई शासनाने द्यावी; हौशी खवय्यांची नव्हे.

बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला शहाणा कोणी म्हणत नाही. नदीच्या बाबतीत मात्र आपण तेच करीत आहोत.