व्हिसा मागायचा कुणी?

मागे मंचरच्या बाजारात एक जुने स्नेही भेटले. मुलगा संगणकाचा इंजिनिअर. "अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा काढून देतो" म्हणून एका एजंटाने आठ लाख मागितलेले, आणि आमचे स्नेही घोड नदीकाठची वीस गुंठे बागायत गहाण टाकायला निघालेले. मी विचारले, "नोकरी कोणत्या कंपनीत?" तर म्हणे, "ते तिकडे गेल्यावर ठरणार."

इथेच पाणी मुरतंय. अहो, कारखाना विघ्नहर असो की भीमाशंकर, ऊस आपला असला तरी तोड कारखान्याकडूनच यावी लागते ना? तसेच हे. एच-१बी नावाचा हा व्हिसा मुलाने मागायचा नसतोच. त्याला नोकरी देणारा तिकडचा मालक तो मागतो. आधी तेथील कामगार खात्याला लिहून द्यायचे, की त्या भागात अशा कामाला जो पगार चालतो त्याहून कमी देणार नाही. मग इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करायचा, तोही मालकाच्याच सहीने. त्या अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च नोकराच्या माथी मारायचा नाही, असा तिथला कायदा. सप्टेंबर २०२५ मध्ये तर बाहेरून नवा माणूस आणण्यासाठी मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असा हुकूम निघाला. कंपन्यांसाठी वर्षाला जागा ६५ हजार, अमेरिकेत वरची पदवी घेतलेल्यांना आणखी २० हजार. मागणारे त्याहून फार. मग हा एजंट खात्री देतो ती कशाच्या जोरावर?

मुलाच्या हाती उरते ते एवढेच: पदवीचे दाखले, पासपोर्ट आणि मालकाचा अर्ज मंजूर झाल्यावर वकिलातीतली मुलाखत. आणि तिथे नोकरी सुटली, तर फार तर ६० दिवसांत अर्ज करणारा दुसरा मालक गाठायचा. नाही तर बहुतेकांना परतीची वाट.

आखाती देशांतही व्हिसा मालकामार्फतच निघतो, पण तिथे मधला एजंट कायद्याने चालतो. त्याला १९८३ च्या कायद्याचा परवाना मात्र हवा. परवान्याचा नंबर ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर ताडून पाहता येतो. त्याची घेणावळ ३० हजार रुपये आणि वर कर, याहून जास्त नाही.

स्नेह्यांना म्हटले, आधी कंपनीचे नाव, पत्ता आणि नेमणुकीचे पत्र आणा, मग सातबारा काढा. पत्र काही अजून आलेले नाही. त्या वीस गुंठ्यांत कांद्याची लागण मात्र झाली आहे.