ताळा नेमका कोणाचा चुकला?

ब्रिटनमधील टपाल कचेऱ्यांचे प्रकरण आपल्याकडे परदेशी बातमी म्हणून वाचले गेले. मला मात्र ते आपल्या घरचेच वाटते. रेशनपासून पेन्शनपर्यंत आपला सारा हिशेब आता यंत्राच्या पोटात आहे.

हकीकत अशी. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसवली. तिथल्या बहुतेक कचेऱ्या चालवणारे सब-पोस्टमास्तर म्हणजे आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात टपालाचे काउंटर सांभाळणारी साधी माणसे. त्यांत भारतीय वंशाचेही अनेक. यंत्र तूट दाखवू लागले आणि करारानुसार ती त्यांनी भरायची होती. अनेकांनी गाठीची पुंजी ओतली, अनेक जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. २०१९ साली उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले. २०२४ साली संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यापायी किमान १३ जणांनी जीव दिला असावा, असे चौकशीचा २०२५ चा अहवाल सांगतो.

यंत्र चुकते, यात नवल नाही. २०१५ साली स्कॉटलंडमधील दालमेलिंग्टनला ८,००० पौंडांची एकच नोंद ४ वेळा झाली आणि कागदावर २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. खरा दोष आखणीत होता.

आमच्या बँकेत संगणक आले, तेव्हा काही काळ लेजर आणि यंत्र जोडीने चालत. दोन्हींचा ताळा जमल्यावरच लेजर मिटायचे. न उलगडलेला फरक शोध लागेपर्यंत सस्पेन्स खात्यात ठेवता येई. प्रणाली आखताना पहिला प्रश्न काउंटरवरच्या माणसाचा असतो: ‘ही रक्कम मला मान्य नाही’ हे त्याने कुठे नोंदवायचे? होरायझनमध्ये त्यासाठी कळच नव्हती. दुसरा प्रश्न: नोंद कोण बदलू शकतो आणि त्याची खूण कुठे राहते? फुजित्सू कंपनीचे कर्मचारी दुरून, पोस्टमास्तरला नकळत, हिशेबात बदल करू शकत होते. पोस्ट ऑफिस ते वर्षानुवर्षे नाकारत राहिले. तिसरा: एकच तक्रार दहा ठिकाणांहून आली, तर ती एकत्र कोण वाचणार? इथे अनेकांना ‘ही अडचण फक्त तुमचीच’ असे ऐकवले गेले.

त्यात कायद्याची भर पडली. संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची इंग्लंडमधली १९८४ ची अट १९९९ च्या कायद्याने गेली. यंत्र बरोबरच आहे असे धरून चालायचे आणि ते चुकले हे आरोपीने दाखवायचे! ज्याच्या हाती यंत्राची किल्ली नाही, तो ते दाखवणार कसे?

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली एक शहाणपणाची गोष्ट केली. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार तिने बँकेवर टाकला. किल्ली ज्याच्याकडे, जबाब त्याचा, हे तत्त्व रेशन दुकानापासून वीज कचेरीपर्यंत सर्वत्र हवे.

म्हणून ‘सिस्टममध्ये तसंच दिसतंय’ असे उत्तर मिळाले की निमूट परत फिरू नये. चूक कोण दुरुस्त करतो ते विचारावे आणि तक्रारीची पोच लेखी घ्यावी. यंत्राला लाज नसते. पण ते चालवणाऱ्यांना जाब देण्याची सवय आपणच लावली पाहिजे.